शुद्धलेखन : कोणाच्या उच्चाराचे?

मराठी साहित्य महामंडळाचे 1962 साली शासनमान्य झालेले चौदा लेखननियम आणि 1972 साली त्यांत पडलेली आणखी चारांची भर यांकडे मराठी समीक्षेने बहुधा मुद्रितशोधकाची बाब म्हणूनच पाहिले. परिणामी, आजच्या जीवनात शुद्धलेखनाला काही अर्थ उरला आहे काय, हा प्रश्न शिस्त विरुद्ध स्वैरता अशा सोप्या द्वंद्वात अडकून पडला. वस्तुतः या नियमावलीत एक वाङ्मयेतिहास गृहीत धरलेला आहे. केशवसुतपूर्व पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरपूर्व गद्य मूळ लेखनाप्रमाणे छापावे. त्यानंतरचे लेखन मात्र प्रस्तुत नियमांनुसार छापावे, असा दंडक तीत आहे.

या दंडकाची फलश्रुती जोतीराव फुले यांच्या संहितांवर तपासून पाहण्याजोगी आहे. ‘गुलामगिरी’ 1873 सालची. ‘निबंधमाला’ सुरू झाली 1874 साली. ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 सालचा. म्हणजे एकाच लेखकाच्या एका ग्रंथाची लेखनरूपे जतन करण्याजोगी आणि दुसऱ्याची दुरुस्त करण्याजोगी ठरतात. ज्या चिपळूणकरांनी फुल्यांच्या व्याकरणाची ‘निबंधमाले’तून टर उडवली, त्यांचेच नाव येथे सीमारेषा म्हणून यावे, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. फुल्यांचे लेखन संस्कृतज्ञांच्या वळणाचे नव्हते. ते कोणत्या वळणाचे होते, याचा पुरावा त्या तथाकथित अशुद्धांतच आहे. संपादकाने त्या निमूटपणे सुधारल्या की वाद शिल्लक राहतो, पण एका पक्षाची साक्ष पुसली जाते. संगणकावर अशा आवृत्त्यांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकालाही मग सुधारलेलीच रूपे सापडतात.

अनुच्चारित अनुस्वार काढून टाकण्यामागील तर्क उच्चारानुसारित्वाचा होता. त्याने ‘तीं मुलें’ आणि ‘ती मुलगी’ यांतील, तसेच कर्त्याच्या ‘मी’ आणि ‘मीं’ या रूपांतील दृश्य भेद गेला. हा तोटा मोठा मानावयाचे कारण नाही. संदर्भ तो भरून काढतो. मात्र उच्चार हा निकष मानला की तो कोणाचा, हा प्रश्न टाळता येत नाही. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावी वऱ्हाडी बोलणारे मूल ‘पानी’ म्हणते, ‘डोया’ म्हणते, ‘मले’ म्हणते. त्याच्या दृष्टीने ‘पाणी’मधील ण आणि ‘डोळा’मधील ळ हे, पुण्याच्या विद्यार्थ्याला जुना अनुस्वार होता तसेच, पाठ करावयाचे वर्ण आहेत. एकाचे ओझे उतरले, दुसऱ्याचे उतरले नाही, आणि त्याच्या चुकीला मात्र ‘अशुद्ध’ हा नैतिक छटेचा शब्द चिकटला. (‘लेखननियम’ हा निर्विकार शब्द उपलब्ध असूनही अध्यापक ‘शुद्धलेखन’च म्हणतात!)

नियमावली बोलीला जागा देते, पण ती पात्राच्या तोंडी. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (1960) संवाद वऱ्हाडी आणि निवेदन प्रमाणभाषेत, ही विभागणी नियमांच्या आधीच कादंबरीच्या संकेतात रुजलेली दिसते. पात्र बोलीत बोलते आणि निवेदक प्रमाणभाषेत विचार करतो, ही श्रेणीव्यवस्था लेखनपद्धतीने दृश्य केली. वाशीम जिल्ह्याचेच नामदेव कांबळे यांच्या, 1995 साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या ‘राघववेळ’चे वाचन या प्रश्नाच्या अंगाने व्हावयास हवे.

यावरून नियम निरर्थक आहेत, असा निष्कर्ष काढणे मात्र उथळ ठरेल. प्रमाणलेखन हे धनजच्या त्या विद्यार्थ्याला न्यायालयात, विद्यापीठात, वृत्तपत्रात प्रवेश देणारे साधन आहे. ते नाकारण्याची चैन ज्यांना ते घरातच मिळाले त्यांनाच परवडते. त्याला ण आणि ळ शिकवलेच पाहिजेत, पण त्याचा न आणि य चुकीचा आहे असे न सांगता. आणि ‘असूडा’ची पुढची आवृत्ती सिद्ध करणाऱ्याने बदललेल्या प्रत्येक रूपाचे मूळ पाठांतर तळटीपेत दिले पाहिजे.