साधा तांब्या

जादूगार पी. सी. सरकार (१९१३–१९७१) यांच्या प्रयोगांतील दोन वस्तू शेजारीं ठेवून पाहाव्या. एक विजेची गोल करवत. १९५६ सालीं हिनें बी. बी. सी.च्या प्रेक्षकांस हादरविलें. दुसरी तांब्या, तो खेळाच्या मध्यें मध्यें ओतून रिकामा होई, तरी पाणी संपत नसे. आमच्या मतें श्रेष्ठ प्रयोग तांब्याचाच. करवत पाहतांच यंत्राचा संशय येतो. देवघरांत व माजघरांत रोज हाताळलेल्या तांब्याचा संशय कोणास यावा?

कोणी म्हणेल, अशा तांब्यास दुहेरी भिंत असते, तींत दडलेलें पाणी हळूहळू आंत उतरतें. मग तो साधा कसा? आक्षेप खरा आहे, आणि कलेचें मर्मही त्यांतच आहे. साधेपणा येथें तांब्यांत नसून आपल्या विश्वासांत आहे. जादूगार तो विश्वास फसवितो, पण तिकीट काढून आलेल्यास, खेळ म्हणून. भोंदू बुवा तीच युक्ति चमत्कार म्हणून विकतो. वस्तु एकच, एका हातीं कला, दुसऱ्या हातीं लबाडी. म्हणून रसिकानें वस्तूआधीं हात पारखावा.