दोन गोवे: 'डिअर जिंदगी' आणि लॅन्सेटमधली एक चाचणी

थेरपीत नेमकं काय होतं, याचं आपल्या पिढीच्या डोक्यातलं चित्र बरंचसं 'डिअर जिंदगी'नं काढलेलं आहे. गौरी शिंदे यांचा हा चित्रपट २५ नोव्हेंबर २०१६ ला आला. गोव्यात आई-वडिलांकडे आलेली कायरा, तिला भेटलेले डॉ. जहांगीर खान, समुद्रकिनारा, सायकल, गप्पा. पुढच्याच महिन्यात 'लॅन्सेट'नं गोव्यातल्याच एका मानसोपचाराची चाचणी प्रसिद्ध केली. चित्रपट सगळ्यांनी पाहिला, पेपर फार थोड्यांनी वाचला. आज दोन्ही शेजारी ठेवून बघू.

आधी चित्रपटाचं श्रेय. जायला लाजणारी, सुरुवातीला टाळाटाळ करणारी कायरा खरी वाटते. तिला डॉक्टर आवडायला लागतात तेव्हा ते मर्यादा सांभाळतात आणि ठरल्याप्रमाणे उपचार थांबवतात. हे अगदी योग्य दाखवलंय. थेरपिस्ट आपला मित्र नसतो आणि थेरपी कधीतरी संपायचीच असते.

माझी तक्रार वेगळी आहे. चित्रपट सगळं वजन दोन गोष्टींवर टाकतो: एक विलक्षण माणूस आणि एक उलगड्याचा क्षण. लहानपणी आजी-आजोबांकडे ठेवल्याची जखम उघडी पडते, रडू येतं आणि गाठी सुटायला लागतात. आता पहूरचा एखादा मुलगा धीर करून एसटीनं जळगावला गेला, असं समजा. समोर साधी खोली. झोप, भूक, घरची माणसं, आधीचे आजार, जीव द्यायचे विचार येतात का, अशी प्रश्नांची यादी. हातात एक कागद. तो म्हणेल, "ही काय थेरपी?" आणि दुसऱ्यांदा जाणारच नाही. खरं तर त्याची सुरुवात अगदी बरोबर झालेली असते.

आता दुसरा गोवा. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतले, बऱ्यापैकी ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला केंद्रातला नेहमीचा उपचार, थोडा सुधारून. दुसऱ्याला तो उपचार आणि शिवाय समुपदेशन: ३० ते ४० मिनिटांची सहा ते आठ सत्रं. समुपदेशक स्थानिक माणसं, या कामासाठी तयार केलेली. आधीचं मानसोपचाराचं व्यावसायिक शिक्षण नाही. पद्धतही साधी. दिवसभरात काय केलं आणि तेव्हा मन कसं होतं हे बघायचं, सुटलेली छोटी कामं पुन्हा सुरू करायची, अडचणींवर एकेक करून मार्ग काढायचा. दोन सत्रांच्या मधला आठवडा हाच उपचाराचा मोठा भाग.

तीन महिन्यांनी नऊ प्रश्नांच्या चाचणीत समुपदेशनाच्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्याच्या ठरलेल्या पातळीखाली आले. दुसऱ्या गटातले ३९ टक्के.

इथं थांबा, कारण तुमच्या मुलाखतीत हेच विचारतील. ६४ हा आकडा समुपदेशनाचा परिणाम नाही. त्यातले ३९ बहुधा तसेही सुधारले असते: काळानं, नेहमीच्या उपचारानं. परिणाम म्हणजे मधला फरक, साधारण २५. म्हणजे चार जणांना समुपदेशन दिलं तर एक जण जास्तीचा बरा. नियंत्रण गट नसता तर आपण ६४ वर टाळ्या वाजवल्या असत्या. दुसरी बाजूही बघा: १०० पैकी ३६ जण तिथवर पोचले नाहीत. शिवाय आपल्याला कोणता उपचार मिळतोय हे रुग्णाला माहीत असतं आणि उत्तरं तोच देतो. औषधाच्या चाचणीसारखी साखरेची गोळी इथं देता येत नाही. आणि हा निष्कर्ष नैराश्याच्या रुग्णांचा आहे. तो प्रत्येक त्रासाला, प्रत्येक थेरपीला चिकटवू नका.

तरी पहिल्यांदा जाणाऱ्यानं मनात धरायचं ते या दुसऱ्या गोव्यातलं. पहिली भेट माहितीत जाते. फी किती, साधारण किती सत्रं, ध्येय काय, हे सरळ विचारावं. गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्क आहे. जिवाला धोका असेल अशा वेळी त्याला अपवाद आहेत, तेही समजून घ्यावं. दोन सत्रांत चमत्कार दिसला नाही म्हणून सोडू नये, पण काही आठवड्यांनीही फरक नसेल तर तसं बोलून दाखवावं. पद्धत किंवा माणूस बदलता येतो, मानसोपचारतज्ज्ञाकडून औषधाचाही विचार करता येतो. आणि रात्री-अपरात्री मन फारच खचलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास.

'डिअर जिंदगी' पुन्हा बघा, छानच आहे. फक्त जहांगीर खान सापडेपर्यंत थांबू नका. गोव्याच्या आरोग्य केंद्रांतली माणसं त्यांच्याविनाच बरी झाली.