सांडपाण्याचे गणित आणि सोली आर्सीवाला

अभियंत्याचा गौरव करण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत आहे. त्याने भूषविलेली पदे सांगायची, ग्रंथांची यादी द्यायची आणि 'देशाची मोठी सेवा केली' असे म्हणून थांबायचे. धरण किंवा पूल बांधणाऱ्याचे काम निदान डोळ्यांना दिसते. सांडपाण्याच्या कामात हयात घालविणाऱ्याचे काम यशस्वी झाले की दिसेनासेच होते. पटकीची साथ येत नाही, नदीला दुर्गंधी येत नाही आणि त्यामागे कोण होते हे कोणी विचारीत नाही. अशा माणसाचा गौरव करायचा तर त्याचे काम तपासून पाहिले पाहिजे. सोली जे. आर्सीवाला यांच्या कामाचे आम्ही येथे तसे परीक्षण करीत आहोत. कसोटी म्हणून मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील खारदांडा ही जुनी कोळी वस्ती समोर ठेवीत आहोत.

नागपूरची केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ मध्ये सुरू झाली. १९७४ पासून ती 'नीरी' या नावाने ओळखली जाते. आर्सीवाला या संस्थेचे संचालक होते. लक्ष्मीनारायण, अलगरस्वामी आणि शास्त्री या सहकाऱ्यांसह त्यांनी १९७० मध्ये सांडपाण्याच्या स्थिरीकरण तळ्यांवर एक पुस्तिका सिद्ध केली. आमच्या मते त्यांच्या कामाचा गाभा या पुस्तिकेत आहे.

स्थिरीकरण तळे म्हणजे साधारण एक ते दीड मीटर खोलीचे उथळ तळे. त्यात सांडपाणी काही दिवस साठवून ठेवतात. जिवाणू त्यातील घाण कुजवितात आणि त्यासाठी प्राणवायू वापरतात. हा प्राणवायू पंपाने द्यावा लागत नाही. पाण्यात वाढणारे शैवाल सूर्यप्रकाशात तो तयार करते. जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायॉक्साइड शैवालाला उपयोगी पडतो. जंतांची अंडी हळूहळू तळाशी बसतात. वीज नाही, यंत्रे नाहीत.

मात्र तळ्यावर किती भार टाकायचा हे नेमके ठरवावे लागते. भार जास्त झाला तर प्राणवायू संपतो आणि तळे सडते. हिवाळ्यात जेथे तळी गोठतात अशा देशांतील आकडे आपण उचलले, तर तळी विनाकारण प्रचंड होतील. आर्सीवाला व सहकाऱ्यांनी भारतासाठी अक्षांशानुसार आकडे दिले. ते एका सोप्या सूत्रात बसतात:

भार = ३७५ − (६.२५ × अक्षांश)

यात भार म्हणजे दर हेक्टरी दररोज टाकता येणारी जैवरासायनिक प्राणवायू मागणी, किलोग्रॅममध्ये. हे सूत्र ८ ते ३६ उत्तर अक्षांशांसाठी आहे. कन्याकुमारीजवळ ८ अंशांवर उत्तर ३२५ येते, तर ३६ अंशांवर १५०. सूर्य आपल्याला फुकट काय देतो, याचा हा हिशेब आहे. परदेशी पाठ्यपुस्तकातील आकडा न उचलता आपल्या हवामानातून आकडा काढणे, ही यातली खरी थोरवी.

आता उणिवा पाहू. अक्षांश हा तापमानाचा आणि प्रकाशाचा केवळ अंदाज आहे. महाड आणि महाबळेश्वर यांचे अक्षांश जवळजवळ सारखे, म्हणून सूत्राचे उत्तरही जवळजवळ सारखे. पण दोन्हीकडची डिसेंबरची थंडी सारखी नाही. उंची आणि ढगाळ हवामान यांसाठी वेगळ्या दुरुस्त्या कराव्या लागतात. ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठाचे अभियंते डंकन मारा यांनीही विकसनशील देशांतील सांडपाण्यावर आयुष्यभर काम केले. त्यांनी पुढे अक्षांशाऐवजी सर्वांत थंड महिन्याचे सरासरी तापमान आधाराला घेतले. ही सुधारणा योग्यच होती.

दुसरी अडचण जागेची. खारदांडा सुमारे १९ अंशांवर आहे. सूत्राप्रमाणे भार येतो २५६ किलोग्रॅम. एका माणसामागे दररोज सुमारे ५० ग्रॅम मागणी धरली, तर एक हेक्टर तळे पाच हजार माणसांना पुरते, म्हणजे माणशी दोन चौरस मीटर. दहा हजारांच्या वस्तीला दोन हेक्टर नुसते पाणी हवे. बांध आणि पुढची तळी वेगळीच. नागपूरच्या आसपास ही जमीन मिळू शकेल. दांड्याच्या गल्लीत दोन माणसे शेजारून चालताना अंग चोरतात, तेथे ती कोठून आणायची?

तिसरी उणीव आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रक्रियेचे शास्त्र नळाच्या शेवटाशी सुरू होते. सांडपाणी तळ्यापर्यंत पोहोचले आहे, हे त्यात गृहीत असते. दाट वस्तीत खरा प्रश्न नळाच्या सुरुवातीचा असतो. समुद्राकाठी भूजल उथळ असल्याने शोषखड्डे नीट काम देत नाहीत. जे गटारात जात नाही ते उघड्या नाल्यातून किनाऱ्यावर जाते. खडकांवरची कालवे पाणी गाळून अन्न मिळवितात. त्या पाण्यातले रोगजंतू त्यांच्या शरीरात साठतात आणि तीच कालवे पुढे ताटात येतात.

या प्रश्नाचे एक उत्तर ब्राझीलमध्ये शोधले गेले. तेथील नाताल शहरात १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत दाट गरीब वस्तीत लहान व्यासाचे नळ कमी खोलीवर, घरांच्या आवारांतून नेले गेले. हेक्टरी सुमारे १६० माणसांहून अधिक दाटी असेल, तर घरोघरच्या खड्ड्यांपेक्षा ही व्यवस्था स्वस्त पडते, असे तेथील हिशेबात दिसले. हा आकडा नातालचा आहे. आपल्या मजुरीचे, मातीचे आणि भरतीच्या पाण्याचे हिशेब करून दांड्याचा आकडा वेगळा काढावा लागेल. आर्सीवालांची पद्धत नेमकी हेच सांगते.

त्यांच्या विचाराची दिशाही स्थिर राहिली नव्हती. १९८१ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या उपशीर्षकात अभियांत्रिकीच्या जोडीला परिसंस्थाशास्त्र होते. श्याम असोलेकर यांच्यासह २००७ मध्ये काढलेल्या ग्रंथाच्या नावात प्रदूषण नियंत्रणाबरोबर 'पुनर्वापर' हा शब्द आला. सांडपाणी म्हणजे टाकून द्यायची वस्तू नव्हे, हा विचार त्या शब्दात आहे.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. नववी-दहावीच्या मुलांना नकाशावरून आपल्या गावाचा अक्षांश काढायला सांगावे, लोकसंख्या घेऊन तळ्याचे क्षेत्रफळ काढू द्यावे आणि मग गावात तेवढी जागा कोठे आहे ते शोधू द्यावे. त्यानंतर शाळेच्या शौचालयातील पाणी नेमके कोठे जाते, याचा माग काढायला लावावा. बहुतेक ठिकाणी गणित एका तासिकेत सुटेल; माग काढायला मात्र बरेच दिवस लागतील.