रोजच्या जगण्यातला ख्रिस्त : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

इस्लापूरसारख्या गावात, किनवटच्या या डोंगराळ मुलखात, ख्रिस्ती श्रद्धेवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. पण आजचा विषय एका धर्माच्या प्रचाराचा नाही. माणूस एखादी श्रद्धा स्वीकारतो म्हणजे नेमकं काय बदलतं, आणि ते बदललं हे कशावरून ओळखायचं, एवढाच माझा प्रश्न आहे. तो मला एका मराठी पुस्तकाच्या आधारे मांडायचा आहे. ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’.

पुस्तक तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. लहानपणीच नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक पुढे कवी म्हणून गाजले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. टिळक १९१९ मध्ये गेले. मुलाला, देवदत्तला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्याला उपयोगी पडाव्यात म्हणून बाईंनी आठवणी लिहायला घेतल्या. १९३४ पासून त्या भागाभागानं प्रसिद्ध झाल्या. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या.

आता या पुस्तकाकडे पाहण्याच्या आपल्याकडे दोन सवयी आहेत, आणि मला दोन्ही अपुऱ्या वाटतात.

पहिली सवय साहित्यवाल्यांची. त्यांच्या लेखी ‘स्मृतिचित्रे’ म्हणजे एका साध्या बाईनं लिहिलेली खुसखुशीत आठवण. विक्षिप्त नवरा, सोशिक बायको, विनोद, सुंदर बोली मराठी. धर्मांतर हा त्या संसारातला एक मोठा प्रसंग, बस्स. सभासमारंभात वाचले जाणारे उतारे बघा, बहुतेक हसवणारेच असतात. दुसरी सवय चर्चमधल्या काही वाचकांची. त्यांना पुस्तकात साक्ष हवी असते : अमुक दिवशी अंधार गेला, प्रकाश आला. एका वाचनात श्रद्धा वगळली जाते, दुसऱ्यात संसार. माझं म्हणणं असं की या पुस्तकात ही दोन वेगळी करताच येत नाहीत. इथं श्रद्धा स्वयंपाकघरातच घडते.

हे नीट कळायला दुसरं एक पुस्तक शेजारी ठेवू. बाबा पदमनजी. १८३१ चा जन्म, बेळगावचे, १८५४ साली ख्रिस्ती झाले. ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, तेही त्यांचंच. त्यांचं आत्मचरित्र ‘अरुणोदय’. हे पुस्तक फार मोलाचं आहे, पण त्यातली वाट बुद्धीची आहे. तरुण मुलगा वाचतो, शंका काढतो, वाद घालतो, जुन्या समजुती एकेक करून तपासतो आणि शेवटी निष्कर्षाला येतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवावं असं हे सगळं आहे. आधी मत बदलतं, मग जगणं.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत क्रम उलटा आहे. आणि माझ्या मते याच क्रमात पुस्तकाचं सारं महत्त्व आहे.

त्यांच्या माहेरी सोवळ्याचा केवढा कडकपणा होता ते त्यांनी सविस्तर लिहिलंय. वडील बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घेत नसत. ही मुलगी त्यात वाढली. म्हणजे शिवाशीव हा तिच्या दृष्टीनं काही सिद्धान्त नव्हता, की कुणी खोडून काढला आणि गेला. ती तिच्या हातात होती, जिभेवर होती, नाकात होती. नवऱ्यानं धर्म बदलल्यावर काही वर्षं ती दूर राहिली. नंतर त्याच्याकडे नांदायला आली तीही आपला स्वयंपाक, आपलं पाणी वेगळं ठेवून. एका छपराखाली दोन धर्म. आता बघा, या काळात टिळकांसारखा वक्ता घरात असताना युक्तिवादांची काही कमतरता होती का? नव्हती. पण सोवळं युक्तिवादानं सुटलं नाही. ते हळूहळू सुटलं, माणसांच्या सहवासात सुटलं. जातिभेद देवानं केला की माणसानं, हा प्रश्न त्या स्वतःलाच विचारू लागल्या. उत्तर मिळाल्यावर आधी गेली ती जात. कुणाच्याही हातचं खाणं-पिणं आलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा.

म्हणजे पाद्रीसाहेबांनी पाणी शिंपडण्याच्या आधीच त्या दुसऱ्याच्या हातचं पाणी प्यायल्या होत्या. यातलं कुठलं पाणी अधिक निर्णायक? धर्मशास्त्राचं उत्तर वेगळं असेल. समीक्षक म्हणून मी एवढंच म्हणेन की पुस्तकाचं वजन पहिल्या पाण्यावर आहे.

ॲरिस्टॉटलनं सांगून ठेवलंय की न्यायी माणूस न्यायाची कृत्यं करून करूनच न्यायी होतो. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचाही रोख तोच आहे : कृतीवाचून नुसता विश्वास निर्जीव. आणि आपल्या मराठीत तर त्याला नेमका शब्द आहे, ‘अंगवळणी पडणं’. मत डोक्यात बसतं. श्रद्धा अंगवळणी पडावी लागते. मराठवाड्याला हे कुणी परदेशातून येऊन सांगायला नको. गंगाखेडची जनाबाई आपलीच. तिच्यासोबत विठ्ठल दळू लागतो, गोवऱ्या वेचतो, ही आपल्या परंपरेतली कल्पना आहे. देव देव्हारा सोडून जात्यापाशी येऊन बसतो. टिळक स्वतः म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. ते खरंच आहे. पण मला वाटतं, लक्ष्मीबाई जनाबाईच्या वाटेनं गेल्या. हे त्यांनी म्हटलेलं नाही, हे माझं वाचन आहे.

आता विनोदाकडे येऊ. टिळक उदार, कलंदर. घरखर्चाचे पैसे घेऊन बाहेर पडलेला हा माणूस भलतंच काही घेऊन परत येई, नाहीतर कुणाला तरी देऊन टाकी. घरात अनाथ मुलं, पाहुणे, अडलेनडलेले यांचा राबता. वाचक हसतो. हसावं, बाईंनाही ते हवंच आहे. पण हसताना एक गोष्ट निसटते. शेजाऱ्यावर प्रेम करा, ही आज्ञा टिळक पाळतात, आणि त्या शेजाऱ्यासाठी भाकरी थापते कोण? लक्ष्मीबाई. डब्यात पीठ किती उरलंय हे कुणाला माहीत असतं? लक्ष्मीबाईंना. त्यांचा विनोद हा एक हिशेब आहे. मोठ्या तत्त्वांचा खर्च घरात कुणाच्या नावे पडतो, ते त्या न रडता, न चिडता, पण अगदी स्पष्टपणे लिहून ठेवतात.

आणि म्हणूनच त्यांची श्रद्धा मला नवऱ्याच्या श्रद्धेहून कमी वाटत नाही. टिळकांचं मोठेपण आहेच. कीर्तन, भजन, अभंग हे आपले प्रकार त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. १९१७ साली ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही जागा ठेवली. पण भव्य कल्पना रोज पहाटे उठून चालवावी लागते. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं राहिलं. पुढचा फार मोठा भाग लिहून ते पुरं कुणी केलं? फारसं शिक्षण न मिळालेल्या त्यांच्या बायकोनं.

इथवर मी पुस्तकाच्या बाजूनं बोललो. आता त्याची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर ही समीक्षा व्हायची नाही, नुसतं गुणगान होईल.

लक्ष्मीबाईंनी सोवळं सोडलं. सोडायला ते त्यांच्याकडे होतं. अहमदनगर, राहुरी, जालना या भागातल्या बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांची गोष्ट निराळी आहे. ती महार-मांग वस्त्यांतून आलेली माणसं. त्यांना सोडण्यासारखं सोवळं कुठं होतं? दुसऱ्याच्या हातचं पाणी प्यावं की नाही हा त्यांचा प्रश्न नव्हता. पाण्याला हात लावू देतात की नाही, हा होता. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले ते याच प्रश्नासाठी. ‘स्मृतिचित्रे’चे भाग त्यानंतर सात वर्षांनी येऊ लागले. या पुस्तकात ही माणसं भेटतात, प्रेमानं भेटतात, पण बहुतेक बाईंच्या नजरेतून. त्यांच्या चुलीपाशी बसून त्यांची श्रद्धा कशी अंगवळणी पडली, हे पुस्तक सांगत नाही. सांगू शकलंही नसतं. हा बाईंचा दोष नाही. पण आपण या एका पुस्तकाला ‘मराठी ख्रिस्ती जीवनाचं चित्र’ म्हणून मोकळे होतो, तो मात्र आपला दोष आहे.

हा काही नुसता साहित्याचा मुद्दा नाही, हेही लक्षात घ्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती त्यात आले नाहीत. म्हणजे धर्म बदलला की कागदावरची जात जाते, आणि गावातली जात तशीच राहते. मग काय होतं? माणूस रविवारी प्रार्थनेला जातो आणि मुलाच्या दाखल्यावर मात्र काही लिहीत नाही. त्याला ढोंगी म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. ज्याला आपली श्रद्धा उघडपणे जगायची किंमत मुलाच्या शिक्षणानं मोजावी लागते, त्याच्या रोजच्या जगण्यातला ख्रिस्त कसा असेल? हे सांगणारं ‘स्मृतिचित्रे’ अजून मराठीत व्हायचं आहे.

आपल्या मराठवाड्यातच, उस्मानाबादला, जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हाही धर्मगुरूला हा मान कसा, म्हणून आक्षेप घेतले गेले. वसईत वाढलेला, आयुष्यभर मराठीत लिहिलेला माणूस! आपण लक्ष्मीबाईंना अभिमानानं ‘आपल्या’ म्हणतो, पण त्यांचा विनोद घेतो आणि श्रद्धा बाजूला ठेवतो. मी सुरुवातीला ज्या पहिल्या सवयीबद्दल बोललो, ती इतकी निरुपद्रवी नाही, ती अशी.

तर माझी विनंती दोनच गोष्टींची. एक, ‘स्मृतिचित्रे’ घरी असेल तर संक्षिप्त नको, पूर्ण आवृत्ती काढा, आणि हसू येईल तिथं थांबून बघा की त्या प्रसंगात खर्च कुणाचा झालाय. दुसरी, इथं बसलेल्या तरुण मुलामुलींना : तुमच्या गावात, तालुक्यात एखादी म्हातारी ख्रिस्ती बाई असेल, नाहीतर बौद्ध, नाहीतर माळकरी. धर्म कुठलाही असो. तिला तुझा देवावर विश्वास आहे का, असं विचारू नका. पाणी कुठून आणत होतीस, कुणाच्या घरी जेवत होतीस, कुणाला जेवू घालत होतीस, ते विचारा. आणि ती सांगेल ते तिच्याच बोलीत लिहून घ्या. देवदत्त टिळकांना वडिलांचं चरित्र हवं होतं, म्हणून आईनं लेखणी उचलली. आपल्याला हवंय असं कळलं, तर अजूनही कितीतरी बायका सांगतील.