साखळी की दोर?

न्यायनिवाडा हा वाङ्मयप्रकार मानावा की नाही, असा वाद आपल्याकडील टीकाकारांत कधी रंगल्याचे माझ्या ऐकिवात नाही. दिवाळी अंकात कथा-कादंबऱ्यांचा परामर्श घ्यावा, फार तर एखाद्या नाटकाचा. परदेशातल्या खेळाडूंवरील खटल्याच्या निकालपत्राची समीक्षा म्हणजे फराळाच्या ताटात वाढलेले कारले, असे कोणी म्हटले तर मी रागावणार नाही. तरीही यंदा मी जे काही वाचले, त्यात या निकालपत्राइतके दुसऱ्या कशाने मला गुंतवून ठेवले नाही. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. कोश मांडीवर घेऊनच मी ते वाचले. पण कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला जी विद्या थोडीफार अवगत असते, म्हणजे तुकड्यातुकड्यांतून वाचकाची खात्री कशी पटवावी, तीच विद्या येथे चौतीस जणांच्या नावांवर चालवलेली दिसली आणि माझे कान टवकारले.

खटला ऑस्ट्रेलियातला. तेथे फुटबॉल म्हणून जो खेळ मेलबर्न शहरात देवासारखा पुजला जातो, तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. त्याचा चेंडू अंड्याच्या आकाराचा, मैदान क्रिकेटचे, आणि एकेका बाजूला अठरा गडी. या खेळातला एसेंडन हा जुना, मानाचा, लाल-काळ्या रंगाचा क्लब. सोळा अजिंक्यपदे त्याच्या नावावर आहेत. आजोबा, बाप, नातू अशा तीन पिढ्या एकाच क्लबाशी बांधलेल्या असतात. आपल्याकडे घराण्याचे कुलदैवत असते, तसा तेथे क्लब असतो.

२०१२ च्या मोसमात या क्लबाने पहिल्या नऊ सामन्यांपैकी आठ जिंकले. कर्णधार जोब वॉटसन याला त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक मिळाले. पुढे मात्र घोडे बसले. स्नायूंच्या दुखापतींनी एकेक गडी गळत गेला आणि क्लब अकराव्या स्थानावर घसरला. मग ५ फेब्रुवारी २०१३ रोजी क्लबाच्या अध्यक्षांनी प्रशिक्षक जेम्स हर्ड यांच्यासह पत्रकारांसमोर बसून जाहीर केले, की गेल्या वर्षी आपल्या खेळाडूंना जी पूरक द्रव्ये दिली गेली त्यांविषयी आपल्यालाच काळजी वाटते; तेव्हा चौकशी व्हावी.

त्या दिवसापासून प्रेक्षक मागचा मोसम नव्याने वाचू लागले. प्रतिस्पर्धी क्लबांचे चाहते म्हणाले, पहिले आठ विजय कसे मिळाले ते आता कळले. आणि नंतरच्या दुखापती? त्याही त्याचाच पुरावा; सुयांनी फुगवलेले स्नायू फाटणारच! जिंकले तरी इंजेक्शन, हरले तरी इंजेक्शन. संशयी वाचकाला विसंगत असे काही सापडतच नाही. त्याच्या हाती आलेला प्रत्येक तपशील आधीच ठरलेल्या शेवटाकडे धावत सुटतो. एसेंडनचे स्वतःचे चाहते तरी वेगळे काय करीत होते? त्यांनी संशयाची दिशा फिरवली, एवढेच. लीगचा डाव, सरकारी चौकशीवाल्यांचा डाव, वर्तमानपत्रांचा डाव! वॉटसनने जून २०१३ मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितले, की आपल्याला ‘एओडी-९६०४’ नावाचे द्रव्य दिले गेले असा आपला समज आहे. लगेच पर्थच्या मैदानावर चेंडू त्याच्या हाती येताच हजारोंनी त्याची हुर्यो उडवली. गंमत अशी, की त्या द्रव्याबद्दल एकाही खेळाडूवर पुढे आरोप ठेवला गेला नाही. खटला चालला तो भलत्याच द्रव्यावर.

ते द्रव्य म्हणजे थायमोसिन. सगळे निकालपत्र खरे तर या एका शब्दाभोवती फिरते. फेब्रुवारी २०१२ मध्ये खेळाडूंनी संमतिपत्रांवर सह्या केल्या होत्या. त्यांत थायमोसिनचे इंजेक्शन सहा आठवडे दर आठवड्याला एक व पुढे दरमहा एक, असे लिहिलेले होते. पण थायमोसिन हे एका द्रव्याचे नाव नाही, कुळाचे नाव आहे. नुसते ‘कुलकर्णी’ म्हटले तर गावातला कोणता कुलकर्णी, असा प्रश्न उरतोच ना? या कुळातले ‘थायमोसिन बीटा-४’ निषिद्ध. दुसरे काही मात्र चालण्यासारखे. क्लबाने नेमलेला क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन डँक याने २०१३ मध्ये एका वर्तमानपत्राला मुलाखत देताना बीटा-४ चे नाव घेतले. ते निषिद्ध असल्याचे दाखवून दिल्यावर मात्र तो म्हणाला, की आपल्या तोंडून चुकून भलते नाव गेले, आपल्याला ‘थायमोमोड्युलिन’ म्हणायचे होते. कादंबरीत मी असा प्रसंग लिहिला असता तर संपादकांनी ‘फार सोयीस्कर’ म्हणून समासात खूण केली असती.

कोणत्याही खेळाडूच्या चाचणीत दोष सिद्ध झालेला नव्हता. कुपी नाही, सुई नाही, नोंदवही नाही. उरले होते ते संदेश, आठवणी, बिले आणि हा अर्धा शब्द.

आता निकालांकडे वळू. लीगच्या न्यायाधिकरणाने ३१ मार्च २०१५ रोजी चौतीसही खेळाडूंना निर्दोष सोडले. त्या सुनावणीत पुरावा साखळीसारखा मांडला गेला होता: द्रव्य चीनमधून आले, मग मेलबर्नमध्ये औषध तयार करून देणाऱ्याकडे गेले, तेथून डँककडे आणि डँककडून खेळाडूंच्या अंगात. आणलेला माल बीटा-४ च होता, येथेच पंचांची खात्री पटेना. पहिली कडी तुटली म्हणजे साखळी गेली. मग जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने अपील केले. (या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘वाडा’ होतो. एवढ्या मोठ्या वाड्यात दिंडीदरवाजा कोठे, हे खेळाडूंना शेवटपर्यंत सापडले नाही.) क्रीडा-लवादाच्या तीन पंचांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये सिडनीत पुन्हा सारे ऐकले आणि जानेवारी २०१६ मध्ये चौतीसही जणांना दोषी ठरवले. पुरावा बहुतांशी तोच. बदलली होती ती उपमा. संस्थेच्या वकिलांनी साखळी टाकून दिली आणि दोर आणला. दोराचा एकेक पीळ एकटा कच्चा असेल, पण सगळे मिळून वजन पेलतात. एक पीळ तुटला म्हणून दोर तुटत नाही.

उपमा हा अलंकार आहे, असे आम्ही वर्गात शिकवतो. येथे उपमेने चौतीस माणसांचे एक वर्ष नेले.

दोराची उपमा खोटी आहे, असे मला म्हणायचे नाही. जगातले पुष्कळसे सत्य आपण दोरानेच ओढून काढतो. शेजारच्या घरी पाहुणे आले हे आपल्याला कळते ते चपलांच्या जोडांवरून, भज्यांच्या वासावरून आणि एरवी न बोलणाऱ्या मुलाच्या हसण्यावरून; प्रत्येकाचा जबाब घेऊन नव्हे. आम्ही कादंबरीकार तर दोरावरच जगतो. म्हणूनच मला त्याचे भय वाटते. एका पात्रावर वाचकाचा संशय वळवायचा असेल तर मला सबळ पुराव्याची गरज पडत नाही. एक अर्धवट चिठ्ठी, एक चुकलेला शब्द, वेळेवर न दिलेले उत्तर, एवढे साहित्य पुरते. सगळे तुकडे एकाच हाताने निवडलेले असले म्हणजे ते एकमेकांना बळ देतात असे भासते. वास्तविक ते निवडणाराच्या मनाला बळ देत असतात. मैदानावर हुर्यो उडवणारा प्रेक्षकही दोरच वळत होता. पंचांचा दोर त्याच्याहून किती वेगळ्या काथ्याचा, हाच या निकालपत्राला विचारायचा खरा प्रश्न आहे.

पुष्कळ ठिकाणी तो वेगळ्या काथ्याचा आहे, हे मान्य केले पाहिजे. पंच संयमी आहेत. विशेषणे वापरीत नाहीत. प्रतिपक्षाचे म्हणणे पुरते मांडून मग खोडतात, हा गुण आमच्या टीकाकारांनी उचलण्यासारखा आहे. आणि त्यांच्या दोरातला एक पीळ मलाही तोडता आला नाही. उत्तेजकांची चाचणी घेतली जाते तेव्हा खेळाडूला एका कागदावर अलीकडे घेतलेली औषधे लिहायची असतात. त्या मोसमात एसेंडनच्या खेळाडूंच्या कितीतरी चाचण्या झाल्या. थायमोसिनची इंजेक्शने त्या कागदांवर कोणीही लिहिली नव्हती. डोकेदुखीची गोळी लिहायची आणि दर आठवड्याची सुई मात्र विसरायची? येथे पंचांनी मौनाला वाचा दिली आहे आणि ती पटते.

पण पटते कितपत? निवाड्याची कसोटी होती ती पंचांचे मन ‘निर्धास्तपणे’ भरण्याची. दिवाणी दाव्यातल्या नुसत्या शक्यतेहून वरची, फौजदारी खटल्यातल्या निःसंशयतेहून खालची. मौनाचा अर्थ लावताना पंचांचे मन भरले. माझे तितके भरले नाही. सतरा-अठरा वर्षांची पोरे मी रोज पाहतो. ज्या गुरुजींच्या हाती संघनिवड आहे त्यांनी दाखवलेल्या कागदावर ती सही करतात आणि त्यांनी ज्या गोष्टीचा बोभाटा करू नका म्हटले तिचा बोभाटा करीत नाहीत. लपवणारा गप्प बसतो, तसाच विश्वास ठेवणाराही गप्प बसतो. चौतीस जण गप्प होते. सगळ्यांच्या गप्पपणाची जात एकच, असे धरून चालणे मला जड जाते. अंगात काय गेले याची जबाबदारी खेळाडूचीच, या नियमावर पंच ठाम राहिले आणि शिक्षेत मोठ्या चुकीचा अभाव म्हणून सवलत द्यायचे त्यांनी नाकारले. नियम म्हणून तो ठीक असेल. कथा म्हणून मात्र पात्रांवर अन्याय होतो.

आणि कथा म्हटली की नायक-खलनायक आलेच. एसेंडनच्या निष्ठावंतांनी आपला राग चौकशीवाल्यांवर, लवादावर, वर्तमानपत्रांवर काढला. माझ्या मते त्यांनी भलत्याच पानावर बोट ठेवले. क्लबानेच नेमलेल्या झिग्गी स्वित्कोव्स्की यांनी मे २०१३ मध्ये अहवाल दिला. औषधी प्रयोगांचे एक वातावरण क्लबात तयार झाले होते, त्याला कोणी नीट आवर घातला नाही, कोणी जाब विचारला नाही आणि त्याची धड नोंदही राहिली नाही, असा त्याचा मथितार्थ. क्लबाच्या जुन्या डॉक्टरांनी २०१२ च्या जानेवारीतच आपली चिंता पत्रात लिहून ठेवली होती. म्हणजे ज्याला कळत होते तो बाजूला पडला होता आणि ज्याच्या हाती सुई होती त्याला विचारणारे कोणी नव्हते.

आमच्या शाळेत १० फेब्रुवारीला जंतनाशक गोळ्या वाटतात. चारशे मिलिग्रॅमची एक गोळी, चघळायची. तेवढ्यासाठी वर्गशिक्षकाने नोंद ठेवायची, गोळी घेतलेल्या मुलाच्या नावापुढे खूण करायची, गैरहजर राहिलेल्यांना पुढच्या तारखेला बोलवायचे. या कागदपत्रांना मी दरवर्षी शिव्या घालतो. या निकालपत्रानंतर घालीन असे वाटत नाही. श्रीमंतीने ओसंडणाऱ्या एका क्लबाने जे केले नाही, ते आमची गळक्या छपराची शाळा करते. ती नोंदवही एसेंडनमध्ये असती, तर एका सकाळी कळले असते, की ते थायमोसिन कोणते. खेळाडू निर्दोष ठरले असते किंवा दोषी; साखळी लागली नसती, दोरही लागला नसता आणि पर्थमधल्या त्या प्रेक्षकांना तर्क लढवायचे कारण उरले नसते.

शिक्षेचा हिशेब थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०१३ मध्येच लीगने क्लबाला वीस लाख डॉलर दंड केला, त्या वर्षीच्या अंतिम फेऱ्यांतून काढले आणि हर्डना वर्षभर बाजूला बसवले. लवादाने खेळाडूंना दोन वर्षांची बंदी दिली. आधी भोगलेला काळ वजा होऊन २०१६ चा सबंध मोसम गेला. त्या वर्षी उसन्या गड्यांनिशी खेळून एसेंडन तळाला गेले. स्विस सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०१६ मध्ये दाद दिली नाही. नोव्हेंबरमध्ये वॉटसनने ब्राउनलो पदक सोडले. ते त्याच्या पाठोपाठ असलेल्या ट्रेंट कॉचिन आणि सॅम मिचेल या दोघांना देण्यात आले. डँकला लीगने जन्मभरासाठी दूर केले, पण दोन्ही सुनावण्यांत तो साक्षीला उभा राहिला नाही. ज्या एका माणसाला कथा ठाऊक होती, तोच या कथेत बोलत नाही. निकालपत्रात त्याचे नाव पानोपानी आहे; आवाज मात्र दुसऱ्यांनी सांगितलेला, किंवा संदेशांतून उमटलेला. पंचांनी या अनुपस्थितीला अधिक जागा द्यायला हवी होती. त्यांनी तिला वळसा घातला आणि उरलेल्यांच्या मौनाचा अर्थ लावीत बसले. निकालपत्राचा रचनेतला मोठा दोष मी हाच मानतो.

आणखी एक पात्र निकालपत्रात मुळीच येत नाही. त्याच क्लबाचा एक तरुण, मुख्य संघात कधी फारसा न आलेला, चौतिसांत नाव नसलेला. त्याच्यावर आरोप नव्हता, बंदीही नव्हती. तो आपल्या वकिलासह व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला तो क्लबाची कागदपत्रे मागायला. त्याला एवढेच जाणून घ्यायचे होते, की २०१२ साली आपल्याला टोचले ते काय होते.