रात्रीच्या संगीत-निवेदनाचे स्वरूप : 'छायागीत'ची परंपरा आणि महाविद्यालयीन नभोवाणी

प्रस्तावना

मराठी समीक्षेने नभोनाट्य, श्रुतिका व नभोवाणीवरील भाषण या प्रकारांची काही प्रमाणात दखल घेतली आहे. पुणे आकाशवाणी केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून प्रसारित झालेल्या ५६ गीतांच्या 'गीतरामायणा'वर तर विपुल लेखन झाले. तथापि दुसऱ्यांनी रचलेली, दुसऱ्यांनी गायिलेली गीते एका सूत्रात गुंफून रात्रीच्या वेळी श्रोत्यांपुढे ठेवणारा निवेदक मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिला. तो गीत लिहीत नाही, चाल बांधत नाही, गातही नाही. तो केवळ निवडतो, असे त्याच्याविषयी मानले गेले. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही निवड हीच एक समीक्षात्मक कृती आहे. महाविद्यालयांना स्वतःचे नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा मिळाल्यानंतर या कृतीचे शिक्षण देण्याची संधी प्रथमच उपलब्ध झाली. त्या संधीचा विचार येथे मालाड आणि परिसर डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

परंपरा

संकल्पनेवर आधारलेल्या रात्रीच्या संगीत-कार्यक्रमाची पार्श्वभूमी पाहू जाता १९५२ या वर्षापाशी थांबावे लागते. बा. वि. केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असताना आकाशवाणीवर चित्रपटसंगीताला उतरती कळा लागली आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच वर्षी अमीन सयानी (१९३२–२०२४) यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. येथे एक तपशील महाविद्यालयीन वाचकांच्या दृष्टीने लक्षणीय आहे. सिलोनवरून ऐकू येणाऱ्या त्या काळच्या हिंदी कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण मुंबईतच होत असे आणि त्यासाठी सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या तांत्रिक संस्थेतील ध्वनिमुद्रण-कक्ष वापरला गेला होता. सयानी त्या काळी त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. भारतीय निवेदनकलेचा एक महत्त्वाचा प्रवाह अशा रीतीने महाविद्यालयाच्या आवारातूनच वाहिलेला आहे.

'गीतमाले'चे तत्त्व लोकप्रियतेच्या क्रमवारीचे होते. कोणते गीत कितव्या पायरीवर, ही उत्कंठा तिच्या मुळाशी होती. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेल्या 'विविध भारती'ने याहून वेगळे तत्त्व रुजविले. कवी पंडित नरेंद्र शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली या सेवेची घडण झाली. पुढे मुंबईत आलेल्या आणि बोरिवली येथे स्थिरावलेल्या या सेवेच्या रात्री दहाच्या 'छायागीत' या कार्यक्रमात गीतांची निवड श्रोत्यांच्या फर्माइशीवर अथवा विक्रीच्या आकड्यांवर अवलंबून नसते. निवेदक स्वतः विषय ठरवितो, त्याला अनुसरून गीते निवडतो आणि त्यांना जोडणारे गद्य स्वतः लिहितो. विविध भारतीवरच 'आपकी फर्माइश'सारखा कार्यक्रम श्रोत्यांच्या आवडीला वाहिलेला होता. त्यामुळे 'छायागीता'ला आवडनिवड सांभाळण्याचे ओझे उरले नाही आणि अर्ध्या तासाचा एक वैयक्तिक संपादित संग्रह असे रूप त्याला प्राप्त झाले. काव्यसंग्रहाच्या संपादकाला जे स्थान आपण देतो, ते या निवेदकाला का देऊ नये, हा प्रश्न म्हणूनच रास्त ठरतो.

निवड आणि क्रम

हा मुद्दा एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. 'पाऊस' हा असा विषय आहे की, कोणताही नवखा निवेदक प्रथम तोच उचलतो. पावसाचा उल्लेख असलेली सहा गीते एकापाठोपाठ एक वाजविली की विषय साधला, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु शब्दसाम्य म्हणजे संकल्पना नव्हे.

'श्री ४२०' (१९५५) मधील एका छत्रीखालचे युगुलगीत, 'परख' (१९६०) मधील लता मंगेशकर यांचे पाऊसगीत आणि 'मंझिल' (१९७९) मधील पाऊसगीत अशी तीन गीते घेऊ. पहिली दोन शैलेंद्र यांची, तिसरे योगेश यांचे. संगीत अनुक्रमे शंकर-जयकिशन, सलील चौधरी व राहुल देव बर्मन यांचे. पहिल्यात पाऊस हा प्रेमाची कबुली आणि प्रेमाची भीती यांमधील अवकाश आहे. दुसऱ्यात तो घराच्या आत उभे राहून ऐकलेला, प्रतीक्षेचा पाऊस आहे. तिसऱ्यात तो मुंबईच्या रस्त्यांवरचा, भिजण्याला न घाबरणारा पाऊस आहे. हा कालक्रम ठेवला तर श्रोता संकोचाकडून मोकळेपणाकडे जातो आणि कार्यक्रम शहरात संपतो. क्रम उलटा केला तर तीच गीते आठवणींकडे परतीचा प्रवास घडवितात. गीतांमधील एकही सूर न बदलता अर्थ बदलतो, तो केवळ क्रमामुळे.

'मंझिल'मधील गीताची तर दोन रूपे आहेत. किशोरकुमार यांच्या आवाजातील गीत चित्रपटात एका घरगुती मैफलीत येते आणि लता मंगेशकर यांच्या आवाजातील गीत प्रत्यक्ष पावसात, मुंबईच्या रस्त्यांवर चित्रित झाले आहे. म्हणजे एक गीत पावसाविषयी बोलते, दुसरे पावसात असते. निवेदकाने यांपैकी कोणते निवडले, यावरून त्याचे विषयाचे आकलन कळते. 'परख'नंतर 'देवबाप्पा' (१९५३) मधील ग. दि. माडगूळकर व पु. ल. देशपांडे यांचे सर्वपरिचित बालगीत ठेवले, तर बालगीत हे बालगीत उरत नाही. ते प्रौढ श्रोत्याच्या स्मरणाचा भाग होते. भाषाही बदलते आणि त्या बदलाचा श्रोत्याला धक्का बसत नाही. अशा प्रकारे गीत ज्या चित्रपटातून आले त्यापासून सुटते व नव्या संदर्भात अर्थ धारण करते. साहित्यात ज्याला आंतरसंहितात्मकता म्हटले जाते, तिचे इतके सुलभ उदाहरण वर्गात क्वचितच देता येते.

निवेदनाचे गद्य

दोन गीतांमधील गद्य साधारणतः अर्ध्या ते एका मिनिटाचे असते. त्यात तीन प्रकारचे दोष संभवतात. पहिला दोष माहितीच्या अतिरेकाचा. चित्रपट, वर्ष, गीतकार, संगीतकार, नायक-नायिका यांची यादी वाचली की निवेदक सुटला, असे होते. श्रेयनिर्देश आवश्यकच आहे, मात्र तो निवेदनाचा पर्याय नव्हे. दुसरा दोष अलंकरणाचा. 'छायागीता'च्या परंपरेतही हा दोष अधूनमधून दिसतो. चंद्र, चांदणे, एकांत व विरह यांची शेरोशायरीयुक्त वाक्ये इतकी तयार होऊन बसली आहेत की, ती कोणत्याही दोन गीतांमध्ये बसविता येतात. जे वाक्य कोठेही बसते ते त्या जागेसाठी लिहिलेले नसते, ही कसोटी येथे उपयोगी पडते. तिसरा दोष गीताचा अर्थ आधीच सांगून टाकण्याचा. निवेदकाने अर्थ सांगितल्यावर गीताला करण्यासारखे काही उरत नाही.

याउलट चांगले निवेदन गीताच्या उंबरठ्यापर्यंत श्रोत्याला आणून सोडते. ते मागील गीतातील एखादा धागा उचलते व पुढील गीताकडे केवळ निर्देश करते. त्यात विरामाला शब्दाइतकेच स्थान असते. लिखित गद्यात परिच्छेदामधील कोरी जागा जे काम करते, ते ध्वनिमाध्यमात दोन क्षणांची शांतता करते. मात्र नभोवाणीवर शांतता ही बिघाडाची खूण समजली जाते. ती योजून वापरणे आणि तरीही श्रोत्याला यंत्र बंद पडल्याची शंका येऊ न देणे, हे निवेदकाचे खरे कसब होय. रात्रीच्या प्रहरी भोवतालचा गोंगाट कमी असल्यामुळेच हे कसब शक्य होते.

रात्र, लहरी आणि मालाड

रात्र ही या कार्यक्रमाची केवळ वेळ नसून त्याच्या घडणीतील एक घटक आहे. यामागे भौतिक कारणही आहे. मालाड पश्चिमेस मालवणी-मार्वे परिसरात, खाडीलगतच्या सखल भूमीवर आकाशवाणीचे मध्यम लहरींचे प्रक्षेपण केंद्र उभारले गेले. ओलसर व क्षारयुक्त जमीन मध्यम लहरींच्या वहनास अनुकूल असते. दिवसा आयनांबरातील खालचा स्तर या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो स्तर विरतो व लहरी वरच्या स्तरांवरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. त्यामुळे मध्यम लहरींच्या युगात रात्रीचा निवेदक अक्षरशः अधिक दूरच्या श्रोत्याशी बोलत असे. त्याच्या स्वरातील धीमेपणा व अनोळखी माणसाविषयीची अदब यांचा या दूरत्वाशी संबंध जोडणे अस्थानी ठरणार नाही.

महाविद्यालयीन केंद्राची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. २००६ च्या धोरणानुसार सामुदायिक केंद्राची परिणामी प्रक्षेपणशक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅटपर्यंत मर्यादित केली गेली आणि त्याचा आवाका साधारण ५ ते १० किलोमीटर मानला गेला. एफ.एम. लहरी रात्री दूर जात नाहीत. मालाडमधील एखाद्या महाविद्यालयाने असे केंद्र उभारले, तर त्याचा श्रोता ओर्लेम, मालवणी, मढ, कुरार आणि फार तर कांदिवली-गोरेगाव येथील असेल. निवेदकाला हा श्रोता अनोळखी नसतो. तो शेजारी असतो. दूरच्या अनोळख्यासाठी घडलेला 'छायागीता'चा घाट शेजाऱ्यासाठी कसा वळवावा, हा या प्रकारापुढील खरा प्रश्न आहे.

हा शेजारी रात्री जागा असतो, हेही ध्यानात घ्यावयास हवे. २००० नंतरच्या दशकात मालाड पश्चिमेतील माइंडस्पेस संकुलात परदेशी ग्राहकांना रात्रपाळीत दूरध्वनीवरून सेवा देणारी कार्यालये आली. महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली अनेक मुले-मुली तेथे उसन्या उच्चारांत, कित्येकदा उसन्या नावाने रात्रभर बोलू लागली. मढ-मालवणीकडील कोळीवाड्यांना भरती-ओहोटीचे वेळापत्रक असते, रिक्षाचालकांना शेवटच्या लोकलचे. अशा वस्तीत रात्रीचा निवेदक जो आवाज लावतो, तो उसना नसावा, ही अपेक्षा केवळ कलात्मक नव्हे. स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या गतीने कोणीतरी आपल्याशी बोलत आहे, हा अनुभव त्या वयातील श्रोत्याला इतरत्र मिळणे कठीण असते.

महाविद्यालयीन नभोवाणी : शक्यता व अडसर

हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये स्पष्ट केले. डिसेंबर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना केंद्रे चालविण्याची वाट मोकळी झाली व १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. पुढे पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' व मुंबई विद्यापीठाचा कलिना संकुलातील 'मुंबई मस्ट रेडिओ' हे प्रयोग झाले. कलिन्याचे मालाडपासूनचे अंतर १० किलोमीटरहून अधिक आहे, हे लक्षात घेतले म्हणजे उपनगरांतील महाविद्यालयांनी स्वतंत्र विचार करण्याची गरज पटते.

अडसर तीन आहेत. पहिला वेळेचा. महाविद्यालयाचे फाटक सायंकाळी बंद होते. विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेचा, परतीच्या प्रवासाचा व जबाबदार अध्यापकाच्या उपस्थितीचा प्रश्न असतो. कार्यक्रम दुपारी मुद्रित करून रात्री लावणे हा व्यवहार्य मार्ग आहे. सिलोनवरचे कार्यक्रम असेच मुंबईत मुद्रित होत. त्यामुळे मुद्रित निवेदनात रात्रीचा भाव उतरत नाही, ही तक्रार टिकत नाही. तो भाव संहितेत व स्वरात असावा लागतो. दुसरा अडसर स्वामित्वहक्काचा. व्यावसायिक ध्वनिमुद्रिका प्रक्षेपित करावयाच्या तर परवाना व मानधन आलेच; २०१२ च्या दुरुस्तीने वैधानिक परवान्याची तरतूद झाली असली तरी छोट्या केंद्राला तो व्यवहार जाचक वाटू शकतो. तिसरा अडसर अनुकरणाचा. खासगी वाहिन्यांवरील द्रुतगती बडबड हीच निवेदनाची एकमेव तऱ्हा आहे, अशी विद्यार्थ्यांची समजूत झालेली असते.

दुसऱ्या अडसरावरील उपाय धोरणातच दडलेला आहे. किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक समुदायाच्या सहभागातून निर्माण व्हावेत, अशी २००६ च्या धोरणाची अट आहे. पावसावरील कार्यक्रमात परवानाप्राप्त दोन चित्रपटगीते आणि त्यांच्यालगत मढचे कोळीगीत, मार्वे-मनोरीकडील ईस्ट इंडियन समाजाच्या बोलीतील लग्नगीत, विद्यार्थ्याने स्वतः मुद्रित केलेले आजीचे भोंडल्याचे गाणे ठेवता येईल. असे केल्यास संकल्पना केवळ शब्दसाम्यावर उभी राहूच शकत नाही. लग्नगीताचा पावसाशी संबंध काय, हे निवेदकाला शोधून काढावे लागते आणि येथेच समीक्षेचा आरंभ होतो.

समारोप

रात्रीचे संगीत-निवेदन हा करमणुकीचा दुय्यम प्रकार नसून निवड, क्रम, संदर्भांतर व मौन या साधनांनी केलेले अर्थनिर्णयन आहे. 'छायागीता'ने हा घाट सार्वजनिक सेवेच्या आश्रयाने घडविला. बाजाराचा तगादा नसलेली दुसरी जागा आज महाविद्यालय हीच आहे. तेथील विद्यार्थ्याने सहा गीते निवडून ती याच क्रमाने का, याचे एका पानात समर्थन द्यावे, असा स्वाध्याय भाषा विभागांना कोणत्याही यंत्रसामग्रीविना याच सत्रापासून देता येईल. केंद्र व परवाना यथावकाश येतील. मात्र हा प्रकार ऐकताऐकताच विरतो, याची जाणीव ठेवून प्रत्येक संहिता व तिचे मुद्रण ग्रंथालयात जतन करण्याची प्रथा पहिल्या कार्यक्रमापासूनच पाडली पाहिजे. समीक्षेला आजवर हा प्रकार दिसला नाही, याचे एक कारण तो जपलाच गेला नाही, हे आहे.