सुवार्ता आधी कोणाच्या दारी?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पाचवा खंड महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केला. त्यातील दोन प्रकरणे, एक अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरचे आणि दुसरे धर्मांतरिताच्या अवस्थेवरचे, बाबासाहेबांच्या हयातीत छापली गेली नव्हती. आपल्याकडे ती बहुधा मिशनऱ्यांवर ताशेरे ओढण्यासाठी उद्धृत केली जातात. हे वाचन आम्हांस अपुरे वाटते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशू आपल्या अकरा शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवितो. ती आज्ञा केवळ त्या अकरांपुरती नव्हती, असे विल्यम कॅरेने १७९२ च्या पुस्तिकेत प्रतिपादन केले आणि पुढच्याच वर्षी तो बंगालात येऊन पोहोचला. या आज्ञेशी बाबासाहेबांचे भांडण नाही. महावग्गात भगवंतांनी साठ अर्हतांना चारिकेस पाठविताना दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे बजावले होते. ती परंपरा मानणाऱ्या आम्हांसही ते भांडण शोभणारे नाही. बाबासाहेब विचारतात ते निराळेच: इतकी शतके आणि इतका पैसा खर्ची पडूनही या देशात ख्रिस्ती इतके थोडे का?

आरंभीच्या युरोपियनांचे सैल आचरण, पंथापंथांतील कलह ही त्यांनी दिलेली कारणे खरी असली तरी दुय्यम होत. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की, मिशनऱ्यांनी आधी ब्राह्मणांचे मन वळवू पाहिले. वरचे वळले की खालचे आपोआप येतील, हा हिशेब. इ. स. १६०६ मध्ये मदुरेस आलेल्या रॉबर्टो दे नोबिलीने संन्याशाचा वेष घेतला आणि खालच्या जातींशी अन्नव्यवहार टाळला, तो याच हिशेबापायी. पुढे शाळा-महाविद्यालये निघाली. उच्चवर्णीयांनी विद्या घेतली, औषध घेतले. धर्म मात्र घेतला नाही. ज्यांना धर्म हवा होता ते दाराबाहेर ताटकळत राहिले. सुवार्ता सांगितली गेली हा मिशनऱ्यांचा दोष नव्हे. ती सांगताना त्यांनी जातीची उतरंड प्रमाण मानली, हा दोष होय.

दुसऱ्या प्रकरणातील एक निरीक्षण आम्हांस फार मोलाचे वाटते. अस्पृश्य हिंदू असतो तेव्हा त्याच्या हीन स्थितीचे खापर त्याच्या पूर्वकर्मावर फोडले जाते. तो ख्रिस्ती झाला की तेच खापर आदिपित्याच्या पापावर फुटते. दोन्हीकडे सभोवतालची समाजरचना नामानिराळी राहते. धर्मांतरितांनी सामाजिक अन्यायाविरुद्ध चळवळ का उभारली नाही, याची मीमांसा बाबासाहेब येथे करतात. कर्मसिद्धान्ताचा सैल उपयोग करणाऱ्या आपल्यातील काही प्रवचनकारांनीही हे पान पुन्हा वाचावे.

तथापि एका बाबतीत या लेखनास पुरवणी हवी. त्यात अस्पृश्य हा बव्हंशी घेणारा आहे, देणारा मिशनरीच. जे. वॅस्कम पिकेट यांचा ख्रिस्ती सामूहिक धर्मांतरांवरील ग्रंथ १९३३ साली निघाला. त्यातील दित्त या माणसाची हकीगत हे चित्र बदलते. आज पाकिस्तानात असलेल्या सियालकोट भागातील हा चुहडा जातीचा, पायाने अधू माणूस. कातडी विकत घेऊन पोट भरणारा. नत्तू नावाच्या जाट ख्रिस्त्याने त्याला सॅम्युएल मार्टिन या मिशनऱ्याकडे आणले. नत्तू उच्च जातीचा म्हणून मिशनला त्याचे अप्रूप होते, पण पुढे तो कच्चा निघाला. १८७३ मध्ये दित्तने बाप्तिस्मा मागितला, तेव्हा मार्टिन घुटमळला: या निरक्षर माणसाला आधी शिकवावयास नको काय? अखेर बाप्तिस्मा दिला. मग दित्त म्हणाला, मी आता गावी परत जातो. मिशनरी चकित झाला. नवख्रिस्त्याने मिशनच्या आश्रयास राहावे, अशी त्या काळची रीत.

दित्त गेला. भाऊबंदांनी त्याची निर्भर्त्सना केली, तरी तो आपल्याच वस्तीत राहिला व कातडी घेत गावोगाव हिंडत राहिला. काही महिन्यांनी पत्नी, मुलगी आणि दोन शेजारी यांना घेऊन तो पायी सियालकोटास आला. त्यांचा बाप्तिस्मा झाल्यावर तेही घरी परतले. पंजाबातील चुहड्यांचे सामूहिक धर्मांतर या वाटेने सुरू झाले. त्याची आखणी कोणत्याही मिशनने केलेली नव्हती.